सोडावाल्याच्या घरची अंडी

चौसाळ्यात त्रिंबक सोडावाल्याचं दुकान शोधायचं तर पाटी बघत फिरू नका, पाटी त्यानं कधी लावलीच नाही. कान द्या. बाटलीच्या गळ्यातली गोटी अंगठ्यानं आत दाबली की एक किंकाळी निघते, ती ऐकू आली की समजायचं, आलो. हायवे चौपदरी झाला तेव्हा रस्ता इतका उंच उचलला गेला की दुकान दोन पायऱ्या खाली राहिलं. पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून त्रिंबकनं दाराला गुडघ्याएवढा उंबरा बांधून घेतला. आत ओली पोती, बर्फाची पेटी आणि मातीची जुनी भिंत, त्यामुळे वैशाखातही त्या खोलीत गारवा असे. लोक तिला दुकान म्हणत, त्रिंबक कारखाना म्हणे. कारखान्यात यंत्र एक, कामगार एक, आणि तो कामगार मालकाचं ऐकत नसे.

यंत्र म्हणजे एक लोखंडी पेटी. तिच्यात पाण्यानं भरलेल्या बाटल्या बसवायच्या, बीडहून आणलेल्या उंच सिलेंडरचा गॅस सोडायचा आणि दांड्यानं पेटी गरागरा फिरवायची. पाणी गॅस पिऊन घेतं आणि गोटी वर येऊन तोंड बंद करते. एवढंच काम. पण त्रिंबक ते अशा थाटात करी की गिऱ्हाईक तहान विसरून बघत राही. सोडा देताना तो वर दोन गोष्टीही सांगे. त्यातली एक तरी खरी असे.

हे सोड्याचं खूळ त्याच्या डोक्यात उगाच शिरलेलं नव्हतं. ऐन तरुणपणात तो आणि वत्सलाबाई ऊसतोडीला जायचे, दिवाळी झाली की ट्रकमध्ये संसार चढवायचा आणि चैत्रात उतरवायचा. त्यांचं पहिलं लेकरू पश्चिमेकडच्या कुठल्याशा उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, जन्माला आलं आणि थंडीनं तिथंच गेलं. त्याला नावसुद्धा ठेवलं नव्हतं. पुढं मनिषा झाली, तेव्हा त्रिंबकनं गेवराईच्या एका म्हाताऱ्या सोडावाल्याकडून हे जुनं यंत्र आणलं आणि कोयता कायमचा खाली ठेवला. मनिषा चौसाळ्यातच वाढली, शाळेत गेली, बाटल्या धुवायला बसली, गोट्या मोजायला शिकली.

आणि मग तिचं लग्न चकलांब्याला झालं. भागवत पोरगा चांगला, निर्व्यसनी, बायकोशी गोड बोलणारा. पण घर ऊसतोडीच्या टोळीतलं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, त्यामुळे सून घरी राहिली की कोयता मोडला. त्रिंबकला हे कळत नव्हतं असं नाही. चांगलं स्थळ हातचं जाईल या भीतीनं त्यानं डोळ्यांवर कातडं ओढलं, आणि ते त्याच्या मनाला डाचत राहिलं. आपण त्यातून निघालो आणि पोरगी आपल्याच हातानं परत तिथं लोटली, हे तो कुणाजवळ बोलला नाही. वत्सलाबाईजवळ तर मुळीच नाही, कारण तिच्याही मनात नेमकं तेच होतं.

यंदा मनिषा पोटुशी असताना फडावर गेली. लेकरू कोपीतच झालं. मुलगी. जगली, पण टोळी परतल्यावर मनिषा तिला घेऊन माहेरी आली तेव्हा त्रिंबकनं नातीचा हात धरून पाहिला. नात एवढीशी, तिचं मनगट त्याच्या अंगठ्यापेक्षा बारीक. मनिषाची गालफडं वर आलेली. वत्सलाबाईनं लेकीला पाटावर बसवलं, डोक्यावरून हात फिरवला आणि तिथंच ठरवून टाकलं की ही पोर आता फडात जाणार नाही. मग तिनं विहिणीला फोन लावला.

केशरबाई काही वाईट बाई नव्हती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"इहिनबाई, मी काय वैरीण हाय का तिची?" ती म्हणाली. "मी बी फडातच जिंदगी घातली. भागवत चुलतभावासंगं कोयता जोडील, त्याचं न्हाई काही. पर घरी बसून मायलेकी खातील काय?"

"मी कोंबड्या देते तिला. गावरान अंड्याला बाजारात मान हाय. पोरीचं भागंल, नातीच्या पोटात बी जाईल."

"द्या मग. टोळी निघायच्या टायमाला तलंगा अंड्याला आलेल्या पायजेत बगा. न्हाई आल्या तर पोरगी कोयता धरील. मंग मला बोल लावायचा न्हाई."

तलंग म्हणजे वयात येणारी कोंबडी. गावरान पिल्लू अंड्याला यायला पाच-सहा महिने तरी घेतं. म्हणजे दिवाळीला तलंगा हव्या तर पिल्लं वैशाखातच निघायला हवीत. बाजारातून तयार तलंगा आणायच्या तर गेल्याच साली वत्सलाबाईनं तसं केलं होतं. त्यांच्यासोबत मानमोडीचा रोग आला, माना वाकड्या करून निम्मं खुराडं मेलं. पुन्हा बाहेरची कोंबडी उंबऱ्यात घेणार नाही अशी तिनं शपथ खाल्ली होती. राहिला एकच मार्ग. घरच्या अंड्यांवर घरची खुडूक, म्हणजे उबवायला बसू बघणारी, कोंबडी बसवायची, आणि ती लगेच.

अडलं ते अंड्यांपाशी. उन्हाळा असा पेटला होता की कोंबड्या दिवसभर चोच उघडी टाकून धापा टाकत. अंडी देत, पण टरफल कागदासारखं. हातात घेतलं की चिरलं. एखादं तर नुसत्या पातळ कातड्यात येई. असल्या अंड्यांवर कोंबडी बसवली तर तिच्या पायाखालीच चिखल. दर उन्हाळ्यात वत्सलाबाई तंबाखूच्या डबीतला चुना पाण्यात कालवून त्याची निवळी कोंबड्यांना पाजायची आणि टरफल सुधारायचं. यंदा तिनं डबीच्या डबी रिकामी केली, स्वतःची तंबाखू कमी केली, तरी अंडी फुटतच राहिली. ती घायकुतीला आली. लेकीसमोर काही बोलायची नाही, पण फुटकं अंडं निघालं की परातीत असं आदळायची की त्रिंबकला दुकानात ऐकू जायचं.

एके दुपारी त्रिंबकच्या हातून काही बाटल्या फसल्या. गोटी नीट बसली नाही की गॅस निसटतो आणि सोडा गिऱ्हाइकाला देण्याजोगा राहत नाही. फेकायचं त्याच्या जिवावर आलं. पाणी गार होतं आणि कोंबड्या तर धापा टाकत होत्या. त्यानं अंगणात जाऊन त्यांच्या पाण्याच्या परातीत तो ओतला. परातीत नेमकी निवळी होती, काचेसारखी स्वच्छ. सोडा पडला तशी ती दुधासारखी पांढरीफट झाली.

वत्सलाबाई धावत आली. "आवं, काय वतलं त्यात? इख वतलं का?"

"सोडा हाय! माणसं पितेत!"

"माणसं काय बी पितेत. माझ्या कोंबड्या काहून मारायलात तुमी?"

पण कोंबड्यांना कुणाचंच ऐकायचं नव्हतं. गार पाणी बघून त्यांनी परातीला गराडा घातला आणि चोची वर करकरून पीत सुटल्या. मग त्रिंबकला सवयच लागली. रोज दुपारी फसलेल्या बाटल्या परातीत. बाटल्या फसल्या नाहीत तर तो फसवी. आणि आठवडाभरातच अंडी बदलली. वत्सलाबाईनं एक उचललं, नखानं टिचकी मारली, पुन्हा मारली, आणि नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, "घट्ट हाय." एवढ्या वर्षांच्या संसारात याहून मोठी शाबासकी त्रिंबकला मिळाली नव्हती.

जनावरांच्या दवाखान्यात प्रियदर्शनी नावाच्या डॉक्टरबाई होत्या. येता-जाता त्रिंबककडे सोडा प्यायच्या. त्यांना त्यानं ही हकीकत सांगितली, तर त्या हसल्या नाहीत. उलट बाकावर नीट बसल्या.

"त्रिंबकराव, कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकते. पण धापेबरोबर तिच्या रक्तातला एक गॅसही निघून जातो, आपण श्वासातून सोडतो तोच. तिच्या पोटात तो गॅस आणि चुना एकत्र आले की टरफल तयार होतं. चुना तर तुमच्या घरात भरपूर होता. कमी पडत होता गॅस. आणि तुमच्या सिलेंडरमध्ये आहे तो हाच."

"आमचा गॅस?" त्रिंबक उभाच राहिला.

"हाच. परातीत पाणी पांढरं झालं ना, तो खाली बसलेला साका आणि हे टरफल, दोन्ही एकच वस्तू. समुद्रातले शिंपले, वावरातले पांढरे कंकर, खाणीतली चुनखडी, सगळं त्याचंच. भिंतीला चुना दिला की तो हवेतून हाच गॅस ओढून घेतो आणि कडक होतो. टूथपेस्टसाठी पांढरी भुकटी करायचे कारखाने आहेत, तिथं मोठाल्या टाक्यांत चुन्याच्या पाण्यातून हा गॅस सोडतात. तुम्ही परातीत केलं, ते तिथं टाकीत करतात." उठताना त्यांनी एवढंही सांगितलं, "पाण्यातूनच द्या मात्र, आणि थोडाच."

हे शेवटचं वाक्य त्रिंबकच्या कानापर्यंत पोचलंच नाही. तो तेव्हा 'कारखाने' या शब्दापाशी अडकला होता. त्या दिवसापासून चौसाळ्यात त्याच्या बढाईला ऊत आला. सोडा मागायला आलेल्या प्रत्येकाला आधी कोंबडीचं पोट समजावून घ्यावं लागे. भिंत, शिंपला, अंडं, सगळं आपल्या गॅसचं आहे म्हणे. एसटीचा एक कंडक्टर तर हात जोडून म्हणाला की त्रिंबकराव, मला नुसतं लिंबूपाणी द्या.

वैशाख लागता लागता तुरेवाली कोंबडी खुडूक झाली. वत्सलाबाईनं टोपलीत भुसा घातला, वीज कडाडली तरी अंडी नासू नयेत म्हणून कडेला लोखंडाचा खिळा ठेवला आणि निवडून निवडून अकरा अंडी मांडली. घरात पत्र्याखाली तर भट्टीच, म्हणून टोपली कारखान्यात, यंत्राच्या कडेला जमिनीवर ठेवली. तुरेवाली त्यावर अशी पसरली की जणू ती खोली तिच्या नावावर होती. मनिषा रोज येऊन बघायची. पहिल्यांदा आली तेव्हा नुसतीच बघून गेली, मग हळूहळू तिच्या बोलण्यात 'दिवाळीला मी घरी असंल तवा' असं येऊ लागलं. त्रिंबक ते ऐकायचा आणि बाटल्या जास्त जोरात फिरवायचा.

पिल्लं निघायला आठवडा राहिला असेल. त्रिंबकच्या मनात आलं की बसलेली कोंबडी दिवसातून एकदाच उठते, घोटभर पिते आणि परत बसते. मग हिला गॅस पोचणार कसा? टरफल तर केव्हाच तयार झालं होतं, आता ते घट्ट करून कुणाचं भलं होणार होतं, हा प्रश्न त्याला पडला नाही. माया आणि बढाई एकदम डोक्यात चढली की माणसाला प्रश्न पडत नाहीत. त्यानं सिलेंडरची चावी किंचित सैल केली. बारीक फुसफुस सुरू झाली. "घे माय," तो तुरेवालीला म्हणाला, आणि चहा प्यायला पायऱ्या चढून रस्त्यावर गेला.

हा गॅस हवेपेक्षा जड. खोली खोलगट, उंबरा उंच. पाणी साचावं तसा तो खाली साचत गेला. उभ्या माणसाला काही कळलं नसतं.

थोड्या वेळानं मनिषा लेकराला घेऊन तिथं आली. घरात पोर उकाड्यानं रडून रडून लाल झाली होती. आईच म्हणाली होती, जा, आबाच्या कारखान्यात गार हाय, तिथं निजव तिला. मनिषा उंबरा ओलांडून आत आली, काखेतली गोधडी तिनं टोपलीशेजारी जमिनीवर टाकली, आणि लेकराला ठेवायला वाकणार तेवढ्यात तिचं लक्ष तुरेवालीकडे गेलं. कोंबडीची मान टोपलीच्या काठावरून खाली लोंबत होती.

मानमोडी, एवढंच तिच्या मनात आलं. रोग लेकराला लागेल या भीतीनं ती तशीच उलट्या पावली बाहेर पळाली आणि पायऱ्यांवरून ओरडली, "आबा! तुरेवालीची मान पडली!"

त्रिंबक कप टाकून आला. कोंबडी उचलायला तो खाली वाकला, तसा नाकात झणका बसला, गच्च भरलेली बाटली तोंडापाशी फोडल्यावर बसतो तसा. डोकं गरगरलं. कानात फुसफुस ऐकू आली. त्यानं चावी बंद केली, टोपली उचलली आणि धडपडत बाहेर आला. मग मागं वळून पाहिलं. आत टोपलीच्या जागेशेजारी गोधडी पसरलेली होती. लहान, चौकोनी, लेकराच्या मापाची.

"मनिषा," तो म्हणाला, "ती गोधडी कुणी टाकली?"

"मीच. बाळीला निजवायचं होतं."

त्रिंबक भर उन्हात पायरीवर बसला. हाक ऐकून जमलेले सगळे मानमोडीच म्हणत होते. तो गप्प राहिला असता तर कुणालाही काही कळलं नसतं. वत्सलाबाई धावत आली, तुरेवालीच्या चोचीत पाणी सोडू लागली, शेजारणीला म्हणाली की रोग परत आला गं. तेव्हा त्रिंबकचा आवाज फुटला.

"रोग न्हाई. म्या गॅस सोडलता. टरफल घट्ट व्हावं म्हनून." आणि मग, "मनिषा पोरीला तिथंच ठेवणार व्हती."

वत्सलाबाईनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. ती एक शब्द बोलली नाही, आणि पुढं कितीतरी दिवस बोलली नाही.

तुरेवाली जगली. मोकळ्या हवेत तिनं डोळे उघडले, दारू प्यायल्यासारखी दोन-तीनदा पडली आणि उभी राहिली. पण तिनं धसका घेतला तो घेतलाच. टोपली दिसली की ती पंख फडफडवून लांब पळू लागली. खुडूकपण साफ उतरलं. वत्सलाबाई गावभर फिरली, असल्या उन्हात कुणाचीच कोंबडी खुडूक नव्हती. अंडी भुशात उघडी पडली होती आणि वैशाख सरत चालला होता. दुसरा घाणा मांडायला आता वेळ नव्हता. मनिषानं 'दिवाळीला मी घरी असंल तवा' म्हणणं सोडून दिलं.

डॉक्टरबाईंनी येऊन मोबाईलच्या उजेडासमोर एकेक अंडं धरलं. तीन नुसतीच उजळ, जीव न धरलेली होती, ती बाजूला काढली. बाकी आठांत लाल धागे दिसत होते आणि एकात तर काहीतरी चक्क हललं. "जिवंत आहेत," त्या म्हणाल्या. "दिवसा हवाच इतकी तापते की त्यांना पुरेल, फक्त ओलं फडकं जवळ ठेवा आणि अंडी फिरवत राहा. प्रश्न रात्रीचा. रात्री माणसाच्या अंगाइतकी ऊब द्यावी लागेल."

"मी देतो," त्रिंबक म्हणाला.

वत्सलाबाईनं अंडी आपल्या पदराखाली ओढली. याच्या हातात पुन्हा काही द्यायचं नाही, हे तिनं न बोलता सांगितलं. आणि त्रिंबकलाही ते पटल्यासारखं तो मागं सरला. त्या दुपारपासून त्यानं नातीला हात लावला नव्हता. ती त्याच्याकडे बघून हसायची, हात पसरायची, आणि हा काहीतरी काम काढून उठायचा. सिलेंडर त्यानं खोलीबाहेर काढून उन्हात आडवा टाकला होता. सोडा मागायला कुणी आलं की मशीन बिघडलंय म्हणायचा. बढाई तर त्याच्या तोंडून कायमची उतरली असं वाटू लागलं होतं, आणि ज्यांनी तिला हात जोडले होते त्यांनाच ती नसल्याचं वाईट वाटत होतं.

हे सगळं मनिषा बघत होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी संध्याकाळी तो अंगणात बसलेला असताना ती आली आणि लेकराला तिनं सरळ त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं हात मागं घेतले.

"धरा की आबा, पडंल ती."

"माझ्या हातून नगं."

"मंग कुणाच्या?" मनिषा म्हणाली. "मला फडातनं वाचवायला तुमी फड सोडला. आता बी तिच्यासाठीच केलं तुमी ते. चुकलं. लई चुकलं. पर तुमी असं दूर बसलात तर मला हितं माहेर न्हाई मंग."

त्रिंबकनं नातीला उचललं, छातीशी धरलं आणि तो ढसाढसा रडला. नातीनं त्याच्या मिशीचा केस धरून ओढला. दारात वत्सलाबाई उभी होती. ती आत गेली, आपल्या जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा काढला आणि सुईदोरा घेऊन बसली. बोलली अजूनही नाही. पण निजायच्या वेळी तिनं त्रिंबकच्या अंगावर एक पिशवी टाकली, पोटाला बांधता येईल अशी, आत अंड्यांसाठी वेगवेगळे कप्पे असलेली.

त्रिंबक झोपेत लाथा झाडणारा माणूस. घोरण्यानं शेजारची कुत्री उठायची. तो माणूस पिल्लं निघेपर्यंत रोज रात्री अंगणात उताणा पडून राहिला, पोटावर आठ अंडी घेऊन, आणि कुशीवर वळला नाही. डुलकी लागायची तीही बेतानं. दिवसा तोच अंडी फिरवायचा, ओलं फडकं बदलायचा. गाव हसलं. कुणी विचारलं की त्रिंबकराव, कितवा महिना? तो म्हणायचा, भरत आलेत.

आणि एका सकाळी, ऊन अजून अंगणात उतरायचं होतं, तेव्हा घरात हाक ऐकू आली. "अगं ये! मनिषाची माय! लवकर ये! पोटात बोलायलंय!"

सगळ्या धावल्या. त्रिंबक हातपाय ताणून पडलेला, डोळे मोठे, श्वास रोखून. पिशवीतून बारीक चिवचिव येत होती. आतलं पिल्लू हाडांसाठी लागणारा चुना टरफलातूनच घेतं, त्यामुळे निघायच्या वेळेला टरफल आतून झिजलेलं असतं आणि त्या इवल्या चोचीनं फुटतं. घट्ट टरफलाचा हट्ट धरून बसलेला माणूस आता ते फुटायची वाट बघत होता. वत्सलाबाईनं गाठ सोडली. एका अंड्याला तडा गेला होता आणि तड्यातून चोचीचं टोक आत-बाहेर होत होतं.

"हलू नका," ती म्हणाली. इतक्या दिवसांनी त्याच्याशी बोललेले तिचे हे पहिले शब्द. आणि मग नवऱ्याचा तो अवघडलेला अवतार बघून तिला हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला. त्रिंबक न हलता म्हणाला, "हसायलीस का? माझी पाठ गेली हितं."

दोन दिवसांत सात पिल्लं निघाली. पुढं एक घारीनं नेलं आणि दोन कोंबडे निघाले. राहिल्या चार तलंगा. त्या त्रिंबकच्या मागं मागं फिरायच्या, तो दुकानात निघाला की रांगेनं उंबऱ्यापर्यंत यायच्या. आत मात्र तो त्यांना घेत नसे. कारखाना पुन्हा सुरू झाला होता, पण सिलेंडर आता भिंतीबाहेर होता आणि नळी भोकातून आत घेतली होती. मागच्या भिंतीला जमिनीलगत एक झरोकाही पाडला होता.

पाऊसकाळ संपत आला तेव्हा केशरबाई सुनेला न्यायला आली. चहा घेऊन झाल्यावर ती अंगणात गेली, तलंगा एकेक करून पकडल्या, पंखाखाली हात घालून वजन पाहिलं, तुऱ्याचा रंग पाहिला. त्रिंबक खांबाला टेकून उभा होता. त्यानं तिच्यासाठी फोडलेली बाटली त्याच्याच हातात तशीच होती.

"चारच हायेत," केशरबाई म्हणाली.

नात केशरबाईकडे सरपटत गेली आणि तिचं लुगडं धरून उभी राहायचा प्रयत्न करू लागली. केशरबाईनं तिला उचललं, मनगट बोटांत धरून पाहिलं. आता ते भरलं होतं. बराच वेळ ती ते मनगट धरून उभी होती.

"म्या माझी दोन पोरं फडात घालवली," ती म्हणाली. "माझ्या सासूला चार कोंबड्या देणारं बी कुणी भेटलं न्हाई." मग तिनं त्रिंबकच्या हातातला सोडा घेतला आणि एका दमात पिऊन टाकला. "बांधा टोपली. सूनबाई घरी ऱ्हाईल."

दिवाळी झाली. टोळी निघायची त्या दिवशी सकाळी त्रिंबकनं यंत्र फिरवलंच नाही. शब्द दिला म्हणजे झालं असं थोडंच असतं. मुकादम ऐनवेळी अडून बसतो, चुलतभाऊ मागं फिरतो, आणि मग घरातली बाई पाटी डोक्यावर घेऊन मुकाट ट्रकमध्ये चढते. त्यानं असं कितीदा पाहिलं होतं. तो बाकावर फोन हातात घेऊन बसला. वत्सलाबाई त्याच्या शेजारी येऊन बसली, एरवी ती दुकानात बसत नसे.

शेवटी त्यानंच फोन लावला. मनिषानं उचलला, पण पलीकडं एवढा गलबला होता की शब्द कळेना. भांडी आदळत होती, बैल ओरडत होते, कुणीतरी नावं पुकारत होतं. ट्रकचं इंजिन घरघरत होतं, अगदी तिच्या कानाशी असल्यासारखं.

"मनिषा, कुठं हाईस तू?"

"आबा, थांबा. भागवत चढायलेत."

त्रिंबकनं वत्सलाबाईचा हात धरला. ट्रकनं लांबलचक हॉर्न दिला. घरघर वाढली, मग सरकू लागली, बारीक झाली, वळणावर गेल्यासारखी तुटली. पलीकडं एकदम शांत झालं. त्या शांततेत एक लेकरू रडायला लागलं.

"बोला आबा," मनिषा म्हणाली. "मी हितंच हाय."